रीगन पण कॉन्झर्वेटिव्ह आणि ट्रम्प पण, मग एकाला खुला व्यापार हवा आणि दुसरा टॅरिफ लावतो, हे कसं?

तुम्ही विचारलंय की रीगन व्यापार खुला करा म्हणायचे आणि ट्रम्पनी 2025 मध्ये आपल्या भारतीय मालावर 50 टक्के टॅरिफ (आयात कर) लावला, मग हे दोघं एकाच विचाराचे कसे. माझं उत्तर असं की अमेरिकेतले कॉन्झर्वेटिव्ह एका विचाराचे कधी नव्हतेच. ती पहिल्यापासून बांधलेली मोट आहे, ती कुणी बांधली आणि दोर कधी तुटला हे बघितलं की टॅरिफचं कोडं बऱ्यापैकी सुटतं.

1955 मध्ये विल्यम बक्ली नावाच्या, तिशीही न ओलांडलेल्या माणसानं नॅशनल रिव्ह्यू हे मासिक काढलं. (तेव्हा खरं तर साप्ताहिक होतं.) त्यात त्यानं तीन तऱ्हेची माणसं एकत्र बसवली. एक बाजारवाले, ज्यांना सरकारनं धंद्यात नाक खुपसलेलं नको होतं. दुसरे परंपरावाले, धर्म, कुटुंब, गाव, जुन्या चालीरीती जपणारे. तिसरे कट्टर कम्युनिस्टविरोधी, आणि गंमत म्हणजे यातले कितीतरी जण स्वतःच आधी कम्युनिस्ट होते, व्हिटेकर चेंबर्स तर सोव्हिएत हेरगिरीत होता.

यांचं आपसात अजिबात पटत नसे. रसेल कर्क हा परंपरावाल्यांचा मोठा विचारवंत, मिशिगनमधल्या मेकोस्टा नावाच्या छोट्या गावात राहायचा, गाडी चालवत नसे, मोटारगाडीला तो फ्रेंच राज्यक्रांतीतल्या जॅकोबिनांची उपमा द्यायचा, म्हणजे जुनं सगळं मुळापासून उखडणारं यंत्र. आता अशा माणसाला बेलगाम बाजार कसा आवडणार! त्यानं बक्लीच्या मासिकात 25 वर्षं सदर लिहिलं पण संपादक मंडळाच्या यादीत नाव छापू दिलं नाही, कारण त्या यादीत फ्रँक मायरचं नाव होतं.

हा मायर मला या सगळ्यांत जास्त भावतो. तोही आधीचा कम्युनिस्ट. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ डोंगरावर पुस्तकांनी खचाखच भरलेल्या घरात राहायचा, दिवसभर झोपायचा आणि रात्र रात्र जागून देशभरातल्या लेखकांना फोन लावून वाद घालत बसायचा. त्याचं म्हणणं साधं होतं, जबरदस्तीनं करून घेतलेलं पुण्य हे पुण्यच नव्हे, म्हणून सरकारनं माणसाला मोकळं सोडावं आणि माणसानं त्या मोकळेपणात चांगलं वागायचं ठरवावं, म्हणजे बाजारवाले पण खूश आणि धर्मवाले पण. याला फ्युजनिझम म्हणतात, आणि हे नाव त्याचं स्वतःचं नाही, बक्लीचा मेहुणा ब्रेंट बोझेल यानं टीका करताना चिकटवलेलं आहे. विचार म्हणून त्यात भोकं आहेत हे मला मान्य आहे, पण राजकारणात ही मोट टिकली, कारण समोर सोव्हिएत युनियन उभा होता आणि त्याची भीती तिघांनाही सारखीच होती.

कुणाला आत घ्यायचं यावरही भांडणं झाली. आपल्याकडे कॉलेजात सगळे ज्या आयन रँडच्या प्रेमात पडतात (मीही पडलो होतो) तिच्या कादंबरीची चेंबर्सनं 1957 मध्ये याच मासिकात सालटी काढली. 1962 मध्ये बक्लीनं जॉन बर्च सोसायटी या अतिकट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेच्या रॉबर्ट वेल्चला जाहीरपणे दूर केलं, हा वेल्च माजी रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवरलाच कम्युनिस्टांचा हस्तक म्हणायचा. पण बक्लीला नुसता मोठेपणा देऊन चालणार नाही. 1957 मध्ये याच मासिकानं दक्षिणेतल्या गोऱ्यांची सत्ता राहावी असा अग्रलेख छापला होता, आणि 1964 मध्ये सिव्हिल राइट्स कायद्याविरुद्ध, म्हणजे वर्णभेद बंद करणाऱ्या कायद्याविरुद्ध, मत देणारा रिपब्लिकन सिनेटर गोल्डवॉटर अध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा जी फक्त 6 राज्यं जिंकला त्यातली 5 खोल दक्षिणेतली होती. तो डाग आहे आणि तो लपवून हा इतिहास सांगणं मला पटत नाही.

पुढे 1980 मध्ये रीगन आले आणि मोटेला सत्ता मिळाली. खुला व्यापार हा त्यातला बाजारवाल्यांचा वाटा. तरी रीगननीसुद्धा 1987 मध्ये काही जपानी इलेक्ट्रॉनिक्सवर 100 टक्के टॅरिफ लावला होता, आणि त्याआधी एकोणिसाव्या शतकात मॅकिन्ली या रिपब्लिकन नेत्याच्या काळात तर रिपब्लिकन पक्ष म्हणजेच टॅरिफचा पक्ष होता. म्हणजे ट्रम्पनी आणलेली गोष्ट नवी नाही, खालून वर आलेली जुनी आहे.

दोर तुटला तो महिना माझ्या मते डिसेंबर 1991. त्या महिन्यात सोव्हिएत युनियन संपला, आणि त्याच महिन्यात पॅट ब्युकॅनन हा कॉन्झर्वेटिव्ह स्तंभलेखक स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्ष थोरल्या बुशविरुद्ध उमेदवारीसाठी उभा राहिला, अमेरिका फर्स्ट म्हणत, परदेशी माल आणि परदेशी माणसं दोन्ही रोखा म्हणत. न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत 37 टक्के मतं घेतली त्यानं. ट्रम्पचं भाषण 24 वर्षं आधी झालेलं होतं, ऐकणारे कमी होते एवढंच.

मी ओहायोत नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या टेबलावर एक वयस्कर सहकारी बसायचा, रीगनचा भक्त, वडिलांच्या काळापासून घरी नॅशनल रिव्ह्यू यायचं. जानेवारी 2016 मध्ये त्या मासिकानं खास अंक ट्रम्पच्या विरोधात काढला, तो त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला वाचायला दिला, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आणि नोव्हेंबरमध्ये मत दिलं ट्रम्पला! मी विचारलं तर म्हणाला, माझ्या भावाचा कारखाना मेक्सिकोला गेला तेव्हा यातलं कोण आलं होतं विचारायला. मला त्यावर काही बोलताच आलं नाही.

संस्थांमध्येही हेच भांडण उघड दिसतं. हेरिटेज फाउंडेशन ही कॉन्झर्वेटिव्ह धोरणं आखणारी संस्था 1973 ची, रीगनच्या सरकारला हजारेक पानांचा आराखडा लिहून देणारी. तिनंच 2023 मध्ये प्रोजेक्ट 2025 चं, म्हणजे पुढच्या कॉन्झर्वेटिव्ह सरकारसाठीच्या आराखड्याचं, जाडजूड पुस्तक काढलं, त्यात व्यापाराच्या प्रकरणात एक नाही दोन लेख आहेत, एक पीटर नवारोचा टॅरिफच्या बाजूनं आणि एक केंट लासमनचा खुल्या व्यापाराच्या बाजूनं, एकाच प्रकरणात. नंतर व्हाइट हाउसमध्ये सल्लागार म्हणून बसला तो नवारो.

पण लासमनची बाजू मेली असं समजू नका. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की आणीबाणीचा कायदा वापरून जगभर असे टॅरिफ लावायचा अधिकार अध्यक्षाला नाही. सरकार लगेच अपिलात गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रम्पनी राग काढला तो फेडरलिस्ट सोसायटीवर, म्हणजे त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत न्यायाधीश सुचवणाऱ्या कॉन्झर्वेटिव्ह वकिलांच्या संघटनेवर. त्या तीन न्यायाधीशांतला एक ओबामांनी नेमलेला होता, एक रीगननी, आणि एक खुद्द ट्रम्पनी.