उस्मान सेंबेन यांच्या कादंबऱ्या आधी वाचाव्यात की सिनेमे आधी पाहावेत? आणि ते फ्रेंचमध्ये लिहायचे, तर त्यांना सेनेगलचा लेखक का म्हणायचं?

सिनेमे आधी पाहा, आणि त्यातही सगळ्यात आधी 'मांदाबी' (1968). का, ते सांगताना मला आमच्या आजीबद्दल सांगावं लागेल.

मांदाबी म्हणजे मनीऑर्डर. फ्रेंच 'मांदा'ला सेनेगलमधल्या वोलोफ भाषेचं शेपूट लागून झालेला शब्द. सेनेगलची राजधानी डाकारमध्ये राहणारा इब्राहिमा दिएंग, हाताला काम नाही, घरात दोन बायका आणि पोरंबाळं. पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा त्याचा भाचा 25,000 फ्रँकची मनीऑर्डर करतो. त्यातले 2,000 दिएंगचे, 3,000 भाच्याच्या आईचे, उरलेले 20,000 भाच्यासाठी सांभाळून ठेवायचे. म्हणजे बहुतेक पैसे मुळात त्याचे नाहीतच. पण बातमी वस्तीभर होते, बायका त्या भरवशावर दुकानातून उधारी आणतात, आणि दिएंग पोस्टात जातो तर तिथे ओळखपत्र मागतात. ओळखपत्रासाठी जन्मदाखला हवा, फोटो हवेत, स्टॅम्प हवा. जन्मदाखल्यासाठी जन्मतारीख हवी. त्याला फक्त 'सुमारे 1900' एवढंच ठाऊक.

आम्ही कणकवली तालुक्यातले. कोकण मनीऑर्डरवर जगतं असं लोक म्हणायचे, ते आमच्या घराला शब्दशः लागू होतं. वडील परळच्या एका गिरणीत होते. पोस्टमन गडग्याबाहेरूनच "आजी, मनीऑर्डर!" अशी हाक द्यायचा. आजी हात पदराला पुसत यायची. तो तिचा अंगठा धरून जांभळ्या शाईवर टेकवायचा, फॉर्मवर उठवायचा, शेजारचे काका साक्षीदार म्हणून सही करायचे. मग आजी उरलेली शाई केसांना पुसायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर वडिलांनी दोन ओळी लिहिलेल्या असायच्या, त्या मी वाचून दाखवायचो. तो तुकडा ती पानाच्या चंचीत ठेवायची.

1982 च्या संपानंतर मनीऑर्डर थांबली. दोन वर्षांनी वडिलांना फंडाचे पैसे मिळाले. घराची कौलं बदलायची म्हणून त्यांनी आजीच्या नावाने बँकेचा ड्राफ्ट पाठवला. ड्राफ्टवर नाव पार्वती, तिचं सासरचं. रेशनकार्डावर नाव सरस्वती, माहेरचं. रेशनकार्ड लिहिणाऱ्याने कोणाला विचारून ते लिहिलं, देव जाणे. खातं उघडायला कार्ड लागणार आणि कार्डावरची बाई वेगळी.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. घरात वाचणारा मीच, म्हणून प्रत्येक खेपेला बरोबर जायचो. बँकेतून तलाठ्याकडे, तिथून तहसीलला, तिथे स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, पुन्हा बँक. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "पण या पार्वतीच कशावरून?" आजीने उजवा हात वर केला आणि अंगठा त्यांच्या टेबलाशी नेला. "ह्यो बघा माझो अंगठो. इतकी वर्सां ह्येच्यारच पैसे घेतलंय." साहेबांनी मान खालीच ठेवून सांगितलं, अंगठा नको, कागद आणा. ती हात तसाच धरून उभी होती. शेवटी मीच तो खाली घेतला.

नऊ खेपा झाल्या. एसटीची तिकिटं तिने चंचीत जपली होती, वडिलांना हिशेब द्यायला. तोवर ड्राफ्टची सहा महिन्यांची मुदत संपत आली. वडिलांनी तो परत मागवला आणि गणपतीला येताना रोख पैसे घेऊन आले. कौलं पुढच्या वर्षी बदलली. तो पावसाळा आम्ही घरात भांडी मांडून काढला.

पुष्कळ वर्षांनी मी 'मांदाबी' पाहिला, माझ्या चुलतभावाबरोबर. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, सरकारी नोकरीतला. सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, "माणूसच बावळट आहे. एक दाखला काढायला एवढं काय?" वयाचा मान ठेवून मी गप्प बसलो. तुमचा प्रश्न वाचला आणि ते पुन्हा वर आलं.

दादा, दिएंग बावळट नाही. तो नमाजी माणूस आहे, आपल्या वस्तीत त्याला मान आहे, आपल्या भाषेत तो कोणाला हार जाणार नाही. सेनेगल पूर्वी फ्रान्सची वसाहत, म्हणून त्याच्यापुढे ठेवलेले सगळे कागद फ्रेंचमध्ये आहेत, एवढीच अडचण. भाच्याचं पत्रसुद्धा त्याला पैसे मोजून वाचून घ्यावं लागतं. आपली आजी खंडी-कुडवाचा हिशेब तोंडी करायची, कोणाचं किती भात कधी दिलं हे दहा वर्षांनीही सांगायची. बँकेच्या दारात तीच अडाणी ठरली. सिनेमात शेवटी शिकलेला नातेवाईक दिएंगकडून मुखत्यारपत्र घेतो, पैसे उचलतो, 'खिसा कापला' म्हणतो आणि तांदळाचं पोतं हातात देतो. बावळट म्हणून हसायचं, तर आधी त्या कागदांना नावं ठेवा.

आता तुमच्या भाषेच्या प्रश्नाकडे येतो. याच गोष्टीची लघुकादंबरी सेंबेननी आधी फ्रेंचमध्ये लिहिली होती. दिएंग ती वाचू शकला नसता. ही बोच त्यांना फार आधीपासून होती. ते 1923 साली सेनेगलमधल्या जिगिन्शोरला कोळ्याच्या घरात जन्मले, शाळेतून काढले गेले, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते, मग फ्रान्समधल्या मार्सेच्या गोदीत हमाली केली. माल उतरवताना पाठीचा कणा मोडला, त्या सक्तीच्या विश्रांतीत वाचन वाढलं, आणि 1956 साली पहिली कादंबरी आली ती गोदी कामगारावरच. नाव झालं. पण ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचेना. म्हणून जवळजवळ चाळिशीत ते मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकले. सिनेमा म्हणजे आपल्या लोकांची रात्रशाळा, असं ते म्हणत. 'मांदाबी'ला फ्रान्सचा पैसा होता, म्हणून तो फ्रेंचमध्येही चित्रित करावा लागला. तुम्ही वोलोफमधलाच पाहा, दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

पुढे 'सेद्दो' (1977) हा सिनेमा सेनेगल सरकारने अडवला. वरकरणी वाद होता नावात एक 'द' की दोन! राष्ट्राध्यक्ष सेंगोर स्वतः फ्रेंचमधले मोठे कवी, एक 'द'वर ठाम. सेंबेन हटले नाहीत. असल्या माणसाला फ्रेंच लेखक म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्यांनी फ्रेंच वापरली, जशी आमच्या वडिलांनी ड्राफ्टसाठी इंग्रजी सही शिकून घेतली.

एक मात्र सांगायला हवं. दिएंग काही संत नाही. बायकांवर हुकूम सोडतो, जेवून आडवा होतो, नव्या कपड्यांचा तोरा मिरवतो. घर चालवण्याची अक्कल त्या दोघींकडे जास्त आहे. दादाचा राग त्यावर असता तर मी वाद घातला नसता. सिनेमा सुरुवातीला संथही वाटेल.

आणि सिनेमे आधी म्हणालो म्हणून कादंबऱ्या सोडू नका. डाकार-नायजर रेल्वेच्या 1947-48 च्या संपावरची 'गॉड्स बिट्स ऑफ वूड' हे त्यांचं सर्वात मोठं काम आहे असं माझं मत. मी इंग्रजीतून वाचली. वडिलांच्या संपात आमच्याकडे कोणी विचारलंच नाही की घरात चूल कोण पेटवतंय. त्या पुस्तकात ते पानोपानी आहे. पात्रं फार आहेत, गोंधळायला होईल. थिएस शहराहून बायका डाकारकडे पायी निघतात, तिथपर्यंत तरी दम धरा.