स्पॅनिश क्रियापदांची फोड कशी करायची आणि जोर कुठे द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याजवळच्या गावात स्पॅनिश सांगणारं कुणी नाही आणि क्रियापदांचा जोर चुकतो. नियम थोडेच आहेत, मोबाईलवर ऐकून जमतं.

मूळ क्रियापद नेहमी 'र'वर संपतं, म्हणून जोर शेवटच्या तुकड्यावर: आ-ब्लार (बोलणे), को-मेर (खाणे). 'ब्ल', 'त्र', 'प्र' फोडायचे नाहीत, ते पुढच्या स्वराकडे जातात. आपण 'पुत्र' म्हणताना 'पुत्-र' तोडतो; ती सवय इथे सोडा.

रूप स्वर, 'न' किंवा 'स'वर संपलं की जोर शेवटून दुसऱ्यावर. 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो', जोर 'आ'वर. 'आब्लामोस'मध्ये 'ब्ला'वर. पण शेवटच्या 'ओ'वर तिरकी रेघ दिसली, की तेच 'आब्लो' म्हणजे 'तो बोलला', आणि जोर 'ब्लो'वर. रेघ सगळे नियम मोडते. मराठीत जोरानं असा काळ बदलत नाही, म्हणून आपला कान इथेच फसतो. ही जोडी रोज मोठ्यानं म्हणा; कापूस वेचताना म्हटली तरी चालेल.

स्वरांचं थोडं वेगळं आहे. आ, ए, ओ शेजारी आले तर वेगळे: ले-एर (वाचणे). 'इ' किंवा 'उ' त्यांच्याजवळ आला तर एकच तुकडा: एस-तु-द्यार (शिकणे). मात्र त्या 'इ'वर रेघ असली की पुन्हा दोन: को-मी-आ (तो खात असे), जोर 'मी'वर.

आधी 'आब्लार'ची वर्तमान आणि भूतकाळाची रूपं पक्की करा, बाकीची क्रियापदं नंतर घ्या.