इंग्रजीत नो, नॉट, नन, नेव्हर यातलं कधी काय वापरायचं? एका वाक्यात दोन नकार चालतात का?

नो-नॉटचं आधी उरकतो, कारण ते सोपंय. नो नामाच्या आधी (आय हॅव नो मनी), नॉट क्रियापदासोबत (आय डोन्ट हॅव मनी), नन एकटाच येतो म्हणजे दूध किती उरलंय विचारलं तर नुसतं 'नन'. नेव्हरमध्ये नकार आलाच, त्याला परत डोन्ट जोडायचं नाही. बास.

खरी गडबड दुसरीकडे होते. मी स्पोकन इंग्लिशच्या बॅचेस घेतो, बहुतेक मुलं मराठी माध्यमाची, आणि तीच तीच वाक्यं कानावर येतात. आपल्याकडे 'कोणीच काहीच बोललं नाही' असं म्हणतो, आधी कितीही कोणीच-काहीच-कधीच येऊ देत, शेवटी 'नाही' लागतंच. इंग्रजीत नकार शक्यतो आधी येतो आणि एकदाच येतो. म्हणून 'नोबडी सेड एनिथिंग'. नोबडी म्हटलं की विषय संपला, पुढे डिडन्ट पण नको आणि नथिंग पण नको. आणि काहीजण 'एनिबडी डिडन्ट कम' म्हणतात तेही चूक, कारण या अर्थाने एनीवाले शब्द नकाराच्या मागून येतात, पुढून नाही.

दोन नकारांचं म्हणाल तर गंमत आहे. १४व्या शतकातल्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सर्रास असायचे आणि त्याने नकार उलट पक्काच व्हायचा, आपल्यासारखंच. लिखाणातून ते हळूहळू कमी होत गेलं, मग १८व्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांनी नियमच केला की दोन नकार एकमेकांना खोडतात. हे गणितात ठीक आहे हो, भाषेत कोण असा हिशोब करतं? लंडनच्या किंवा अमेरिकेतल्या बोलीत 'आय एन्ट गॉट नो मनी' आजही ऐकू येतं आणि त्याचा अर्थ पैसे नाहीत असाच होतो. पण परीक्षेत, इंटरव्ह्यूत, मेलमध्ये मात्र एकच नकार ठेवा, तिथे ती चूकच धरतात.

आता काही शब्दांच्या पोटात नकार लपलेला असतो, तिथे सगळेच फसतात. हार्डली, सेल्डम, अनलेस. 'आय कान्ट हार्डली हिअर' नाही, 'आय कॅन हार्डली हिअर'. अनटिलचं तर विचारूच नका, 'मी येत नाही तोपर्यंत थांब' डोक्यात असतं म्हणून 'वेट अनटिल आय डोन्ट कम' बाहेर पडतं. 'वेट अनटिल आय कम' पुरे.

मस्टन्ट पण बघून घ्या. 'यू मस्टन्ट कम' म्हणजे अजिबात येऊ नकोस, आणि 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे यायची गरज नाही, आलास तरी चालेल. पाहुण्याला पहिलं बोललात तर तो परत फिरकणार नाही. तसंच 'ऑल स्टुडन्ट्स डिडन्ट कम' म्हटलं की एकही आला नाही की काही आले नाहीत हेच कळत नाही, काही आले नसतील तर 'नॉट ऑल' ने सुरुवात करा.

आणि सगळ्यात महागात पडणारं म्हणजे नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. क्लायंट विचारतो 'यू डिडन्ट गेट माय मेल?' आपण मनात 'हो, नाही मिळाला' म्हणतो आणि तोंडातून 'येस' निघतं, तो समजतो मिळाला. इंग्रजीत येस-नो समोरच्याच्या वाक्याला लागू होत नाही, जे खरं घडलंय त्याला होतं. मेल नाही मिळाला तर 'नो, आय डिडन्ट', मिळाला तर 'येस, आय डिड', प्रश्न कसाही विचारलेला असो. नुसतं येस किंवा नो म्हणून थांबू नका, पुढचे दोन शब्द बोलाच, म्हणजे गडबडीत येस गेलं तरी समोरचा एकदा विचारून खात्री करून घेईल.