या वयात नवे घर घ्यावे का?

“या वयात घर घेऊन आपण चूक तर करत नाही ना?” हा प्रश्न निवृत्तीला आलेल्या जोडप्यांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना मी व्हिडिओवर समुपदेशन करते. त्यांपैकी एका जोडप्याचा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे देत आहे.

डॅलसच्या उपनगरात दीर्घकाळ राहिलेल्या या गृहस्थांना न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे कॉन्डो, म्हणजे सोसायटीतला स्वतःच्या मालकीचा फ्लॅट, घ्यायचा होता. १६१०च्या सुमारास वसलेल्या या गावाच्या जुन्या वस्तीतील मातकट, गोलसर कडांच्या भिंती, बाहेर डोकावणारे लाकडी वासे आणि कोपऱ्यातली घुमटाकार शेगडी पाहून त्यांना आजोळचा वाडा आठवला होता. पत्नीचा मात्र ठाम विरोध होता. सोसायटीचे मासिक शुल्क, सपाट छतातून होणारी गळती, भिंती खऱ्या कच्च्या विटांच्या की लाकडी सांगाड्यावर नुसता गिलावा, या शंकांतच तीन बैठका सरल्या. शंका रास्तच होत्या. परंतु कुटुंब ही एकमेकांत गुंतलेली रचना आहे असे मी मानते; त्यामुळे वादात कोण काय बोलते याहून कोण काय टाळते, याकडे माझे लक्ष असते.

चौथ्या बैठकीत मी विचारले, “त्या घरातली एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. दूध संपले आहे. कोण आणेल?”

“मी जाईन, चालत,” ते लगेच म्हणाले.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, मला जायचंय. दोन वर्षं झाली, गाडी काढायची म्हटलं की माझे हात थरथरतात. तुम्हाला सांगितलं नाही.”

हा क्षण मी आजही जपून ठेवला आहे. चालत फिरता येईल अशा वस्तीची खरी गरज त्यांनाच होती. पण होकार द्यायचा तर आधी ही भीती उघड करावी लागली असती, म्हणून त्या शुल्कावर भांडत राहिल्या. मी घाई केली नाही, म्हणूनच ते बाहेर आले, असे मला वाटते.

यानंतर व्यवहाराचे बोलणे सोपे झाले. सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते आणि राखीव निधीचा हिशेब मागा, छत आणि गिलावा शेवटचा केव्हा दुरुस्त केला ते विचारा, असे मी सुचवले. १९५७ पासून तेथे ऐतिहासिक वस्त्यांसाठी नियम आहेत, त्यामुळे घराचे बाह्यरूप मनाप्रमाणे बदलता येत नाही, हेही गृहीत धरावे. दाराशी चित्रदालन असले म्हणून भाजीचे दुकानही जवळ असेलच असे नाही. ते अंतर स्वतः चालून पाहावे, तेही जानेवारीत. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर आहे, तेथे साध्या चढानेही धाप लागते.

त्यांनी जानेवारीत महिनाभर तेथे भाड्याने घर घेतले. बाईंनी मला कळवले: दुधाची पिशवी घेऊन परतताना त्या दोनदा थांबल्या, यजमानांनी “मी घेऊ का?” असे विचारले, आणि त्या “नको” म्हणाल्या.