विज्ञान कादंबरीसोबत कोणतं कॉकटेल?

प्रश्न : ताई, आमचा लहानसा वाचनगट आहे. पुढचे काही महिने विज्ञान कादंबऱ्या वाचायच्या ठरल्या आहेत आणि दर बैठकीला पुस्तकाला साजेसं एक कॉकटेल करायचं काम माझ्याकडे आलं आहे. शोधायला गेलं की सगळीकडे निळी, चमचमती पेयंच दिसतात. जोडी जुळवायची कशी आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : निळा रंग तूर्त बाजूला ठेवा. अंतराळ म्हणजे निळं, परग्रहवासी म्हणजे हिरवं, असं केलं की पेय मुखपृष्ठाशी जुळतं, पुस्तकाशी नाही. मी आधी एवढंच बघते, की या कादंबरीतल्या माणसांचं घोडं अडलंय कुठे? थंडीपाशी, पाण्यापाशी, जबाबदारीपाशी? जे असेल ते जिभेला कळायला हवं. ते कळलं की चर्चेला वेगळी प्रस्तावना लागत नाही. दुसऱ्या घोटाला कोणीतरी पानं उलटायला लागतं.

सुरुवात मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून करा. कादंबरी १८१८ची, पण आजही तिच्यावरून कडाडून वाद होतात. सोबत ‘कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर टू’. नाव मढं उठवणारं आहे खरं, पण मी ते सुचवते त्याच्या घडणीसाठी. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातले बारटेंडर हॅरी क्रॅडॉक यांच्या १९३०च्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’मध्ये ते आहे : जिन, क्वाँत्रो (संत्र्याचं लिकर), किना लिले (वाइनपासून केलेलं पेय) आणि लिंबाचा रस, चारही समभाग, वर थोडंसं बडीशेपेच्या वासाचं कडक मद्य, अ‍ॅबसिंथ. किना लिले आता त्या रूपात मिळत नाही, लिले ब्लाँ चालते. प्रत्येकी २० मिलि घ्या, भरपूर बर्फ घालून शेकर हाताला बोचेल इतका गार होईपर्यंत हलवा आणि गाळा.

इथे एक गोष्ट आवर्जून करा. पहिला घोट अ‍ॅबसिंथशिवाय द्या. पेय चांगलंच लागतं, आंबटगोड, नीटनेटकं, पण चार वेगवेगळे तुकडे एका ग्लासात ठेवल्यासारखं. मग प्रत्येकाच्या ग्लासात अ‍ॅबसिंथचे दोन-तीन थेंब सोडा. बडीशेपेसारखा वास वर येतो आणि तेच चार तुकडे एकदम एक होतात. मढ्यांच्या तुकड्यांतून प्राणी घडवणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नेमकं हेच सांगायचं टाळतो. निर्जीव देहात प्राण कसा आला, हे गुपित तो आपली कहाणी ऐकणाऱ्या वॉल्टनला शेवटपर्यंत देत नाही. मग गटात विचारा : खरा गुन्हा ती ठिणगी टाकण्यात आहे, की प्राणी डोळे उघडताच खोलीबाहेर पळून जाण्यात? माझं मत ठाम आहे, पळून जाण्यात. पण तुमच्या गटात दोन्ही बाजूंचे लोक निघतील, निघायलाच हवेत. एक मात्र पाळा, माणशी एकच ग्लास. लागोपाठ चार घेतले तर उठलेलं मढं पुन्हा आडवं होईल, असा इशारा क्रॅडॉकनेच देऊन ठेवलाय. गप्पा मारायला जमलोय तर गप्पा शेवटपर्यंत शुद्धीत झाल्या पाहिजेत.

दुसरं पुस्तक उर्सुला के. ल गुइन यांचं ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) घ्या. हे माझं अत्यंत लाडकं पुस्तक. त्यातल्या गेथेन ग्रहावर इतका गारठा, की पेयावर घोटा-घोटाच्या मधे धरणारा बर्फ फोडायला टेबलावर एक छोटं अवजार ठेवलेलं असतं, आणि म्हणून तिथे गरम बिअरही गोड वाटते. एवढ्याशा तपशिलात बाईंनी अख्खा ग्रह उभा केलाय. याच्यासोबत बर्फाचा खडाही नको. हॉट टॉडी करा : माणशी ४० मिलि व्हिस्की, चमचाभर मध, थोडं लिंबू, दोन लवंगा आणि दुप्पट-तिप्पट गरम पाणी. सगळ्यांचं एकाच किटलीत करा आणि एकमेकांना ओतून द्या. परग्रहावरून आलेला दूत गेन्ली आय आणि गेथेनचा रहिवासी एस्ट्राव्हेन हिमाचं पठार ओलांडताना एका तंबूत राहतात, तिथेच त्यांच्यातला अविश्वास विरघळतो. त्या प्रकरणांवर बोलताना सर्वांनी एकाच भांड्यातून घेणं किती नेमकं बसतं ते बघा. शिवाय तुम्हाला चर्चा सोडून शेकर हलवत उभं राहावं लागत नाही, हा फायदा काही कमी नाही.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ला (१९६५) बहुतेक जण दालचिनी घातलेलं काहीतरी देतात, कारण त्यातल्या मसाल्याला दालचिनीचा वास आहे. दालचिनी असू द्या, पण त्या पुस्तकाचा जीव पाण्यात आहे. अंगातला घामसुद्धा गाळून परत पिणारी माणसं आहेत ती. म्हणून ओल्ड फॅशन्ड (व्हिस्की, साखर आणि बिटर्स या कडवट अर्काचे थेंब) करा आणि साखरेऐवजी दालचिनीचा पाक घाला. आधी बर्फाशिवाय थेंबभर चाखवा, मग बर्फावर सावकाश ढवळून द्या. बर्फाचं पाणी मिसळलं की तीच व्हिस्की मोकळी होते, वास फुलतो. कॉकटेलच्या कृतीत पाणी बहुधा लिहिलेलं नसतं, पण त्याच्यावाचून पेय होत नाही.

प्रश्न : आमच्यातल्या दोघी मद्य घेत नाहीत. त्यांना नुसतं सरबत देणं बरं वाटत नाही.

उत्तर : नकाच देऊ. त्या बैठकीला सगळ्यांसाठीच बिनमद्याचं करा आणि पुस्तक निवडा स्तानिस्वाफ लेम यांचं ‘सोलारिस’ (१९६१). निळं पेय मला चालतं ते इथे. वाळलेल्या गोकर्णाच्या फुलांचा काढा गार करून थोड्या साध्या पाण्यासोबत ग्लासात घाला आणि लिंबाचा रस प्रत्येकाला आपल्या हाताने पिळू द्या. फुलांतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला आम्ल लागलं की निळ्याचं जांभळं, मग गुलाबी होतं. सोलारिस या ग्रहावर दोन सूर्य आहेत, एक तांबडा, एक निळा, आणि खाली एक महासागर, जो माणसांना काहीतरी दाखवत राहतो. त्यामागे त्याचा हेतू आहे की नाही, हे कोणालाच उलगडत नाही. आपल्या ग्लासातल्या बदलाचं कारण निदान सांगता येतं. त्या महासागराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना तेवढंही मिळत नाही, तिथून बोलायला सुरुवात करा.

प्रश्न : कादंबरीत जे पेय आहे तेच का करू नये?

उत्तर : बहुतेकदा नको. डग्लस अ‍ॅडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’मधल्या ‘पॅन गॅलॅक्टिक गार्गल ब्लास्टर’चा परिणाम कसा, तर लिंबाच्या फोडीत गुंडाळलेली सोन्याची वीट डोक्यात घातल्यासारखा. ते वाचण्यातच मजा आहे. ग्लासात उतरवलंत तर ते बाकीच्यांसारखंच एक कडक पेय होईल.

अपवाद ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चा (१९४९). शेवटच्या प्रकरणात नायक विन्स्टन कॅफेत बसून सॅकरिन आणि लवंग घातलेली जिन पितो. ती चवदार करायचा मोह आवरा, कारण ती वाईटच असायला हवी. साधी जिन, लवंगेचं पाणी, सॅकरिनची गोळी, बर्फ नाही. प्रत्येकी एक घोट, तोही ते प्रकरण मोठ्याने वाचून झाल्यावर. मग ग्लास बाजूला सारा आणि ज्याला जे आवडतं ते पिऊ द्या.