तोंड उघडत नाही, पण दुखतही नाही

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा. दोनेक वर्षांत त्याचं तोंड कमी कमी उघडायला लागलंय, वडापाव मावत नाही. दुखत अजिबात नाही. घरचे म्हणतात, चोरून गुटखा खातो.

उत्तर : आधी त्याच्यावरचा आरोप मागे घ्या. सुपारी-गुटख्याने तोंड आवळतं, आपल्याकडे नेहमीचं कारण तेच. पण त्यात तिखट झोंबतं, गाल आतून पांढुरका पडतो, बोटाने चाचपलं की ताठ पट्टे लागतात. हे काहीच नसेल तर हाडाकडे बघायला हवं. खालच्या जबड्याला मागे प्रत्येक बाजूला दोन टोकं असतात. एक कानापुढच्या सांध्यात बसतं. दुसरं, कोरोनॉइड, गालाच्या हाडाच्या आतल्या बाजूला असतं. क्वचित ते जास्त वाढतं आणि तोंड उघडताना गालाच्या हाडावर अडतं. हा कोरोनॉइड हायपरप्लाझिया, बहुधा वयात येणाऱ्या मुलग्यांत आणि दोन्ही बाजूंना. दुखत नाही म्हणूनच घरात कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. त्याची स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, बघा. दोनसुद्धा जात नसतील तर तोंड-जबड्याच्या सर्जनला दाखवा.

प्रश्न : माझंही तोंड उघडत नाही. जबड्याच्या सांध्याचा दोष म्हणून वर्षभर स्प्लिंट (दातांवर बसवायचा साचा) लावतेय, फरक शून्य. आता एका गालावर उंचवटाही आलाय.

उत्तर : हाडावर हाड अडत असेल तर स्प्लिंट काय करणार? सीटी स्कॅन करा, जमेल तेवढं तोंड उघडूनही एक घ्यायला सांगा. साध्या ओपीजीत (दोन्ही जबड्यांच्या एक्स-रेत) ही अडचण नीट कळत नाही. एका बाजूचं कोरोनॉइड टोक कधी अळंबीसारखं फुगतं आणि गालाच्या हाडाशी चक्क नवा सांधा तयार होतो. 1899 मध्ये जाकोब यांनी याचं वर्णन केलं, म्हणून जाकोब डिसीज. ही गाठ असू शकते, तेव्हा काढलेला तुकडा बायॉप्सीला जायलाच हवा.

प्रश्न : मसाजने, गोळ्यांनी हाड कमी होईल?

उत्तर : नाही.

प्रश्न : ऑपरेशनने चेहऱ्यावर व्रण राहील?

उत्तर : बहुतेकदा तोंडाच्या आतूनच ते टोक कापतात, बाहेर टाका नाही. भुलीच्या डॉक्टरांना मात्र आधी भेटा. तोंड उघडत नसल्याने श्वासाची नळी बहुधा नाकातून, दुर्बिणीने घालावी लागते. माझी खरी काळजी नंतरची. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायची, दर थोड्या दिवसांनी एक वाढवायची, आणि हे काही महिने. दुखतं म्हणून पोरं टाळतात, आईबापांना दया येते, आणि तोंड पुन्हा आखडतं.