'मूळ संख्या' की 'अविभाज्य संख्या'?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय : 'आम्ही मराठी शाळेत मूळ संख्या शिकलो. मुलगी कन्नड माध्यमात आहे, तिच्या वहीत अविभाज्य संख्ये. बरोबर कुठलं? आणि जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली असं वाचलं, ते खरं का?'

ताई, दोन्ही शब्द संस्कृतातले, तेव्हा निदान इथे तरी सीमावाद नको. हिंदीवाले 'अभाज्य' म्हणतात. मला मात्र 'मूळ'च पटतो, आणि तो नुसता सवयीमुळे नव्हे.

घरातले चिंचोके घ्या. बारा मांडा : चार-चारच्या तीन ओळी, नाहीतर सहा-सहाच्या दोन. आता तेरावा टाका. कसंही फिरवा, एकच लांबलचक रांग होते, नाहीतर एखादा उरतो. ही मूळ संख्या. हिला 'अविभाज्य' म्हटलं की पोरं लगेच पकडतात. शेजारच्या एकानं मला ऐकवलं, "काय सांगालास काका, तेरा जणांत एकेक वाटला की संपले की!" शिवाय १ ला दुसऱ्या कुठल्याच पूर्ण संख्येनं भाग जात नाही. शब्दावर गेलं तर खरा अविभाज्य तोच, पण या पंगतीत त्याला पान नाही.

'मूळ' म्हणजे 'मूळ गाव'मधलं मूळ. १२ फोडा, २ × २ × ३ मिळतात. १ पेक्षा मोठी कुठलीही संख्या फोडत जा, शेवटी मूळ संख्याच हाती लागतात, आणि क्रम सोडला तर एकाच प्रकारे. (१ ला पंगतीत घेतला असता तर त्यानं कितीही वेळा गुणता आलं असतं, मग 'एकाच प्रकारे' कुठलं!) या शब्दाची एकच खोड : 'वर्गमूळ'. ९ चं वर्गमूळ ३, पण ९ मूळ संख्या नाही. तिथे मूळ हे नाम, इथे विशेषण.

आता बातमी. 'सर्वांत मोठी मूळ संख्या' हा प्रयोग चूक. अशी संख्या नसतेच. समजा, तुमच्याकडे सगळ्या मूळ संख्यांची यादी आहे. त्यांचा गुणाकार करून १ मिळवा. यादीतल्या कुणानंही भागा, बाकी १ उरते. म्हणजे यादीबाहेर एखादी राहिलीच. युक्लिडनं हे दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवलंय. म्हणून 'आजवर सापडलेली सर्वांत मोठी' म्हणावं.

तुम्ही वाचलं ते ऑक्टोबर २०२४ मधल्या शोधाबद्दल असणार : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक वाचलात, रात्रंदिवस, तरी सव्वा वर्ष पुरत नाही. बातमीदार इथेही घसरतात : 'चार कोटींची संख्या' नव्हे, 'चार कोटी अंकी'. चार कोटी ही संख्या तर आठच अंकी.

अशा संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांचं नाव आहे. घातांक मूळ नसेल तर संख्या फुटतेच : २ चा ४ था घात वजा १ म्हणजे १५. पण घातांक मूळ असला म्हणून खात्री नाही. ११ घ्या : २०४७ येतात, आणि ते निघतात २३ × ८९.

मुलीला परीक्षेत वहीतलाच शब्द लिहू द्या.